क्विझ शो विनोदी कलाकाराला खातो का? बॉब मंकहाउसच्या निमित्तानं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा तरुण गेली काही वर्षं मराठी-हिंदी ओपन माइक, म्हणजे नवोदितांसाठी खुल्या असलेल्या मंचावर स्टँड-अप, करतोय. एका वाहिनीनं त्याला गेम शोच्या सूत्रसंचालनासाठी विचारलंय. मित्र म्हणतात, 'एकदा अँकर झालास की तुझ्यातला कॉमेडियन संपला.' पुरावा म्हणून ते ब्रिटनच्या बॉब मंकहाउसचं नाव घेतात. त्यानं आयुष्यभर क्विझ शो केले आणि स्टँड-अप करणारा माणूस म्हणून लोकांनी त्याला कधी गंभीरपणे घेतलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. हे खरं आहे का, आणि असलं तर काम नाकारावं का?

काम नाकारू नका. पण मित्रांना उडवूनही लावू नका, कारण ते अर्धं बरोबर बोलतायत. मी स्वतः दोन्ही दुकानं चालवतो. स्टँड-अप मनासाठी, सूत्रसंचालन घरासाठी. पुरस्कार सोहळे, कंपन्यांची वार्षिक संमेलनं, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, मधूनमधून टीव्ही. त्यामुळे मंकहाउसकडे मी चाहता म्हणून कमी आणि धंद्यातला माणूस म्हणून जास्त पाहतो. त्याचं जे नुकसान झालं ते क्विझ शोनं केलं असं मला वाटत नाही. त्याची बीजं फार आधीची आहेत, म्हणून सुरुवातही जरा मागून करतो.

मंकहाउसचा जन्म १९२८ चा, केंटमधल्या बेकनहॅमचा. घर खाऊनपिऊन सुखी. आजोबा 'मंक अँड ग्लास' या कस्टर्ड पावडर आणि जेली बनवणाऱ्या कंपनीच्या मालकांपैकी एक. पोरगा शिकला डलिच कॉलेजात, म्हणजे चांगल्या खानदानी शाळेत, आणि शाळेत असतानाच 'बीनो' आणि 'डँडी' या मुलांच्या चित्रसाप्ताहिकांना विनोद आणि चित्रं विकू लागला. म्हणजे रंगमंचावर उभं राहण्याच्या कितीतरी आधी त्याला विनोदाचे पैसे मिळत होते, आणि तेही कागदावरच्या विनोदाचे.

मग सक्तीची लष्करी सेवा, हवाई दलात. तिथली एक गोष्ट तो स्वतः रंगवून सांगायचा. हा कारकुनी करत होता. साहेबांसमोर सहीसाठी कागदांचा गठ्ठा जायचा आणि साहेब न वाचता सह्या ठोकायचे. त्या गठ्ठ्यात यानं बीबीसीच्या नावे एक पत्र सरकवलं. आशय असा की या जवानाला आपण मोठे विनोदी कलाकार आहोत असा भ्रम झालाय. आपण त्याची चाचणी घेतलीत तर त्याच्या उपचाराला मदत होईल. सही झाली, पत्र गेलं, चाचणी झाली आणि काम मिळालं. गोष्टीवर किती मुलामा चढलाय कोण जाणे, पण माणूस त्यात पुरता दिसतो. दार ठोठावून 'मला ऐका' असं तो म्हणत नाही. तो एक चोख मजकूर लिहितो आणि तो दुसऱ्याच्या सहीनं पाठवतो.

पुढची दहा-बारा वर्षं त्यानं हेच केलं. डेनिस गुडविन नावाच्या शाळकरी मित्राबरोबर त्याची लेखक म्हणून जोडी जमली. रेडिओचा सुवर्णकाळ होता, दर आठवड्याला ढीगभर विनोद लागायचे आणि हे दोघं ते पुरवायचे. आर्थर अॅस्की, टेड रे, जिमी एडवर्ड्स अशा तेव्हाच्या बड्या नावांसाठी त्यांनी लिहिलं. अमेरिकेचा बॉब होप इंग्लंडात आला की त्याच्यासाठीही लिहिलं. दोघं स्वतःही रेडिओ-टीव्हीवर दिसायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जोडी फुटली आणि गुडविन होपसाठी लिहायला अमेरिकेला गेला.

आता जे सांगतो ते माझं मत आहे, धरा किंवा सोडा. दुसऱ्याच्या तोंडासाठी लिहिणारा माणूस फार लवकर तयार होतो. वाक्य कुठे तोडायचं, पंच, म्हणजे हशा आणणारा फटका, नेमका कोणत्या शब्दावर ठेवायचा, कोणतं विशेषण फुकटचं आहे, हे त्याला इतरांच्या आधी कळतं, कारण फुसका विनोद दिला तर पुढच्या आठवड्यात काम मिळत नाही. पण त्याची एक किंमत असते. त्याचा विनोद कुणाच्याही तोंडी शोभतो, आणि मग तो नेमका त्याच्याच तोंडी का असावा, याला उत्तर उरत नाही.

त्याचा सगळ्यात गाजलेला विनोद घ्या. मराठीत साधारण असा: 'मी विनोदी कलाकार होणार म्हणालो तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसत नाहीये.' या ओळीत काही काढायला जागा नाही आणि काही घालायलाही नाही. पहिल्या वाक्यात आपण प्रेक्षक म्हणून त्याच्या बाजूचे होतो. बिचाऱ्याला लोक हसले, पण बघा कुठे पोचला, अशी यशोगाथा ऐकायला कान तयार होतात. दुसरं वाक्य सुरूही तसंच होतं. शेवटच्या शब्दाला सगळं उलटतं, आणि 'मी कुणाला हसवू शकत नाही' असं म्हणणाऱ्याला पाहून आख्खा हॉल हसत असतो. मी हा विनोद कार्यशाळेत फळ्यावर लिहितो. मुलांना सांगतो, यात 'मात्र' घालून बघा, शेवटी 'ना' जोडून बघा, पंच कसा बसतो ते पाहा. बसतो म्हणजे खाली बसतो. पण मग मी त्यांना दुसरा प्रश्न विचारतो: या विनोदावरून हा माणूस कसा आहे ते सांगा. रागीट, भित्रा, कंजूष, प्रेमळ? वर्ग गप्प होतो. विनोद निर्दोष आहे, पण त्यावर बोटांचे ठसे नाहीत.

हे लक्षात ठेवून आता त्याच्या टीव्हीच्या कामाकडे या.

साठच्या दशकात त्यानं 'कँडिड कॅमेरा' या छुप्या कॅमेऱ्यानं लोकांची फजिती टिपणाऱ्या कार्यक्रमाची ब्रिटिश आवृत्ती केली, लंडन पॅलेडियम या नाट्यगृहावरून थेट प्रसारित होणारे रविवारचे कार्यक्रम अधूनमधून सादर केले. पण त्याला घराघरात नेलं ते 'द गोल्डन शॉट'नं. आयटीव्ही या खाजगी वाहिनीवर १९६७ च्या जुलैत हा खेळ सुरू झाला. मूळ कल्पना जर्मन. सुरुवातीचा सूत्रधार जॅकी रे होता, थोड्याच दिवसांत सूत्रं मंकहाउसकडे आली.

हा खेळ कसा चालायचा ते समजून घ्या, कारण यापेक्षा अवघड अँकरिंग मला ठाऊक नाही. एक धनुष्य, बंदुकीसारखा चाप असलेलं, टीव्ही कॅमेऱ्यावर बसवलेलं. कॅमेरामनच्या डोळ्यांवर पट्टी. स्पर्धक स्वतःच्या घरी, टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला. तो घरच्या टीव्हीवर निशाण्याचं चित्र पाहून सांगणार: थोडं डावीकडे, वर, अजून वर, जरा खाली, सोडा! आणि बाण सुटणार, खराखुरा, भर स्टुडिओत. निशाणा म्हणजे रंगवलेल्या देखाव्यात लावलेलं सफरचंद वगैरे. शेवटच्या फेरीत तर एक बारीक दोरा बाणानं तोडायचा, की पेटीचं दार उघडून सोन्याची नाणी बाहेर सांडायची. आणि हे सगळं थेट प्रसारण. चुकलं तर परत टेक नाही. एक स्पर्धक रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमधून समोरच्या दुकानाच्या काचेतला टीव्ही पाहत खेळत होता आणि मध्येच दुकानदारानं चॅनेल बदललं, असा किस्सा आजही सांगितला जातो.

आता या गोंधळात सूत्रधारानं काय काय सांभाळायचं? फोनवरचा आवाज, ज्याचा चेहरा दिसत नाही. स्टुडिओतले प्रेक्षक. कानात येणाऱ्या सूचना. सुटलेला बाण. गुण मोजणारी अॅन अॅस्टन, जिची बेरीज हमखास चुकायची आणि तीच मग कार्यक्रमाची गंमत होऊन बसली. प्रायोजकांची बक्षिसं. आणि घड्याळ. मंकहाउसची 'बर्नी, द बोल्ट!' ही आरोळी, म्हणजे 'बर्नी, बाण चढव', पुढे इंग्लंडात बोलण्यातली म्हण झाली. तीसुद्धा कामाची सूचनाच आहे, शस्त्र भरण्याची. सुरक्षेची पायरीसुद्धा त्यानं लोकांना आवडेल अशी करून टाकली. हा कार्यक्रम पाहताना मला त्याचे विनोद नंतर आठवतात. आधी आठवतं ते हे, की त्याच्या चेहऱ्यावर घाई कधीच दिसत नाही.

१९७२ मध्ये त्याला या कार्यक्रमातून काढलं. बक्षिसांमधल्या एका वस्तूला झुकतं माप दिल्याचा आरोप होता. त्याच्या जागी नॉर्मन व्हॉन आला, मग चार्ली विल्यम्स. विल्यम्स हा डॉनकास्टर रोव्हर्सकडून फुटबॉल खेळलेला, ब्रिटिश टीव्हीवर नाव कमावलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय विनोदी कलाकारांपैकी एक. दोघंही आपापल्या जागी हुशार. पण थेट प्रसारण, फोन आणि धनुष्य ही त्रिस्थळी यात्रा दोघांनाही झेपली नाही. १९७४ मध्ये वाहिनीला मंकहाउसला परत बोलवावं लागलं. 'अँकरिंग काय, कुणीही करेल' असं म्हणणाऱ्यांसाठी हा प्रकार मी राखून ठेवलाय.

तुमच्या मित्रांना हे काम दिसत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. चांगलं सूत्रसंचालन दिसतच नाही. माझ्याच कामातला एक क्षण सांगतो. स्पर्धेत एक काकू उभ्या आहेत. मी विचारलं, 'काकू, आपण काय करता?' त्या म्हणाल्या, 'काही नाही, घरीच असते.' या उत्तरावर स्टँड-अपवाल्याच्या जिभेवर तीन पंच तयार असतात आणि तिन्ही काकूंच्या जिवावर. प्रेक्षक हसतीलही. पण काकू पुढची वीस मिनिटं तोंड उघडणार नाहीत आणि कार्यक्रम तिथेच मेला. मी विचारतो, 'आणि तुम्ही एक दिवस घरी नसलात तर?' काकू म्हणतात, 'हे मला फोन करून विचारतात, साखर कुठेय.' हॉल कोसळतो. हा हशा काकूंच्या खात्यावर जमा झाला. माझं काम फक्त चेंडू वर टाकण्याचं. ओपन माइकवर ज्याला सगळा हशा स्वतःच्या नावावर हवा असतो, त्याला हे फार जड जातं. पहिले काही महिने तुम्हालाही जाईल.

मंकहाउस हे जाणून होता. सत्तरच्या दशकात 'सेलिब्रिटी स्क्वेअर्स', १९८० पासून 'फॅमिली फॉर्च्युन्स', म्हणजे शंभर लोकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ओळखण्याचा तो अमेरिकन खेळ. मग आयटीव्ही सोडून बीबीसी, तिथे १९८४ ते ९० हाउझीवर बेतलेला 'बॉब्ज फुल हाउस'. तिथेच १९८७ ते ८९ 'ऑपर्च्युनिटी नॉक्स', ज्यात नवोदितांसाठी प्रेक्षकांनी टेलिफोनवरून मत द्यायचं. याआधीच्या अवतारात लोक पोस्टानं मतं पाठवायचे. आज आपल्याकडच्या गाण्याच्या रिअॅलिटी शोमध्ये 'मत द्या, मत द्या' चाललेलं असतं त्याचं एक मूळ इथे आहे. या सगळ्यांची यादी लांबवत नाही. एकेक पाहिलात तर कळेल की तो स्पर्धकाचं नाव, गाव, धंदा पाठ करून यायचा आणि त्यावरचा विनोद जणू आत्ता सुचला अशा थाटात सोडायचा.

मग लोकांचं बिनसलं कुठे?

टीकाकार त्याला तेलकट म्हणायचे. गुळगुळीत, खोटा, विक्रेत्यासारखा. उन्हात रापल्यासारखी टीव्हीवरची कांती, न हलणारे केस, कायम तयार असलेलं हसू. १९७९ मध्ये लंडनच्या सोहोत 'कॉमेडी स्टोअर' उघडला आणि तिथून आलेल्या नव्या पोरांनी जुन्या पिढीला धारेवर धरलं. सासूवरचे आणि परदेशी माणसांवरचे विनोद नकोत, स्वतःबद्दल बोला, राजकारणावर बोला, असा त्यांचा आग्रह. मंकहाउस त्यांच्या दृष्टीनं जे जे नकोसं होतं त्याचा पुतळाच झाला. गंमत म्हणजे तो या पोरांचे कार्यक्रम आवडीनं पाहायचा.

पण नीट पाहा. याच काळात क्विझ शो करणाऱ्या इतर विनोदी कलाकारांवर हा आरोप झाला नाही. लेस डॉसन घ्या. मँचेस्टरच्या कॉलीहर्स्ट वस्तीतला, जाडजूड, चेहरा कायम आंबट, मुद्दाम बेसूर पियानो वाजवणारा. १९८४ मध्ये त्याला 'ब्लँकेटी ब्लँक' हा गेम शो मिळाला, आधीचा सूत्रधार टेरी वोगननंतर. डॉसननं काय केलं? पहिल्या दिवसापासून तो शोलाच शिव्या घालू लागला. बक्षिसं कशी भिकार आहेत, आपण इथे काय करतोय, स्पर्धक बिचारे कुठे फसले. क्लबमध्ये संसाराला कंटाळलेला जो माणूस तो उभा करायचा, तोच इथे क्विझ शोला कंटाळून उभा राहिला. ब्रूस फोर्साइथचंही तसंच. 'जनरेशन गेम'मध्ये तो स्पर्धकांवर खेकसायचा, कॅमेऱ्याकडे वळून 'बघा, कसली माणसं दिलीयत मला' असा चेहरा करायचा. ढोंगच, पण सातत्याचं ढोंग. लोकांना त्या खेकसण्याखालचा जिव्हाळा ओळखीचा झाला.

डॉसननं शोमध्ये स्वभाव आणला. मंकहाउसनं कसब आणलं. कसब डॉसनपेक्षा दोन बोटं वरचंच, पण लोक रविवारी संध्याकाळी चहाबरोबर कसब पाहत नाहीत. त्यांना माणूस लागतो. म्हणून मी म्हटलं की नुकसान क्विझ शोनं केलं नाही. क्विझ शोनं फक्त भिंग धरलं. गुडविनबरोबरच्या त्या रेडिओच्या दिवसांपासून त्याच्या विनोदात जे नव्हतं, ते लाखो लोकांना एकदम जाणवलं.

आजचं उदाहरण हवं असेल तर रोमेश रंगनाथन. क्रॉलीचा, श्रीलंकन तमिळ कुटुंबातला, आधी शाळेत गणिताचा मास्तर. २०२१ पासून बीबीसीवर 'द वीकेस्ट लिंक' करतो. हा शो अॅन रॉबिन्सननं छडीवाल्या मास्तरीणबाईच्या थाटात गाजवला होता. रंगनाथन तिची नक्कल करायला गेला नाही. स्टेजवर त्याचा जो वैतागलेला, 'मला कशाला उठवलंत' असा सूर असतो तोच त्यानं इथे लावला. वर्गात चुकीच्या उत्तराकडे पाहणारा मास्तर. डॉसनचीच वाट.

मंकहाउसला मात्र ही वाट साठीनंतर सापडली, आणि ती ज्या तऱ्हेनं सापडली ते मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला तो 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या बातम्यांवरच्या खोडकर कार्यक्रमात पाहुणा म्हणून बसला. समोर पॉल मर्टनसारखे आयत्या वेळी बोलणारे. म्हाताऱ्याची मजा घेऊ म्हणून बसलेल्या प्रेक्षकांना त्या रात्री वेगळंच दिसलं: हा गृहस्थ कुणापेक्षाही वेगवान आहे, आणि स्वतःच्या गुळगुळीतपणावर आधी स्वतःच हसतोय. १९९३ मध्ये आत्मचरित्र आलं, तेही अनपेक्षितपणे रोखठोक. घरातली दुःखं, मोठ्या मुलाचा सेरेब्रल पाल्सीचा आजार, स्वतःची लफडी, काही झाकलं नव्हतं. त्याच वर्षी त्याला ओबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला.

आणि १९९५ मध्ये त्याच्या विनोदांच्या वह्या चोरीला गेल्या.

हातानं लिहिलेल्या दोन जाड वह्या. कित्येक वर्षांचे विनोद, विषयवार लावलेले, मध्ये मध्ये त्यानं स्वतः काढलेली चित्रं. त्यानं बक्षीस जाहीर केलं, टीव्हीवर येऊन विनवण्या केल्या. सुमारे दीड वर्षानं वह्या परत मिळाल्या. देशभर बातमी झाली, कुणी हळहळलं, कुणी हसलं. पण लोकांना पहिल्यांदा एक गोष्ट कळली. हा माणूस तेलकट वगैरे नसून कारकून आहे. रात्री बसून ओळ लिहिणारा, खोडणारा, परत लिहिणारा. आयुष्यभर त्यानं लपवलेले कष्ट चोरामुळे चव्हाट्यावर आले. माझ्या मते त्या चोरानं मंकहाउसच्या प्रतिमेसाठी जे केलं ते कुठल्याही जाहिरात कंपनीला जमलं नसतं.

त्याच वर्षी बीबीसीवर त्याचा 'ऑन द स्पॉट' आला. प्रेक्षक विषय फेकायचे, तो उभ्याउभ्या विनोद काढायचा. डोक्यात एवढी मोठी वखार असली की आयत्या वेळचं आणि आधीचं यातली रेघ पुसट होते, आणि ती तशी आहे हे प्रेक्षकांनाही ठाऊक होतं. त्यातच मजा. पुढे राष्ट्रीय लॉटरीच्या शनिवारच्या थेट सोडतीचं काम आलं. क्विझसुद्धा नाही, नुसते चेंडू घरंगळणार. पण सुरुवातीला त्याला ताज्या बातम्यांवर काही मिनिटं बोलायला मिळायची आणि तिथे तो निव्वळ स्टँड-अप करायचा. हात जोडून 'पापी आहे हे मान्य, पण यंदा जिंकव' अशा अर्थाची त्याची यमकबद्ध प्रार्थनाही तिथलीच. लॉटरीच्या पोटात शिरून त्यानं स्वतःचा मंच उभा केला.

वह्यांवरून साठवणुकीचं सांगायला हवं. हा माणूस जुने चित्रपट साठवायचा. त्यापायी सत्तरच्या दशकात पोलिसांची धाड पडली, वितरकांच्या फसवणुकीचा खटला चालला आणि १९७९ मध्ये तो निर्दोष सुटला. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर कुणाकडे नव्हता तेव्हा याच्याकडे होता. मृत्यूनंतर त्याच्या घरी हजारो टेप सापडल्या. वाहिन्यांनी स्वतः पुसून टाकलेले काही कार्यक्रम फक्त त्याच्याकडे उरले होते. आपल्याकडे जुन्या दूरदर्शनच्या टेपांचं जे झालं त्याबद्दल ज्येष्ठ कलाकार हळहळताना ऐकले की मला हे आठवतं. तुमचं प्रत्येक काम जपून ठेवा. वाहिनी जपेल या भरवशावर राहू नका.

२००१ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान झालं. तो काम करत राहिला. २००३ मध्ये लंडनच्या एका छोट्या कॉमेडी क्लबमध्ये त्यानं कार्यक्रम केला, समोर बहुतांश विनोदी कलाकारच. बऱ्याच वर्षांनी बीबीसीनं तो दाखवला. तब्येत उतरलेली, पण टायमिंगला धक्का नाही. जुन्या विनोदवीरांबद्दल बोलताना तो मध्येच शिक्षक होतो, मग भाट होतो, मग पुन्हा पंच मारतो. २९ डिसेंबर २००३ ला तो गेला. २००७ मध्ये पुरुषांच्या कर्करोगाबद्दलच्या मोहिमेसाठी जुनं चित्रण आणि नकलाकाराचा आवाज जोडून त्याची एक जाहिरात केली गेली. त्यात तो स्वतःच्या थडग्याशेजारी उभा राहून सांगतो की मला ज्यानं मारलं ते ब्रिटनमध्ये तासाला एका पुरुषाला मारतं, माझ्या बायकोच्या स्वयंपाकापेक्षाही जास्त. सिद्धहस्त माणूस मेल्यावरही पंच शेवटच्या शब्दावरच ठेवतो.

आता तुमच्या शोबद्दल. काम घ्या, पण क्लबच्या रात्री सोडू नका. मंकहाउसनं टीव्हीची सगळी वर्षं रात्रीच्या क्लबांमधले प्रयोग चालू ठेवले होते, आणि तिथला मंकहाउस टीव्हीवरच्यापेक्षा बराच तिखट असायचा. शूटिंगच्या तारखा सलग लागतात आणि ओपन माइक पहिले सुटतात. आठवड्यातली एक रात्र आत्ताच बांधून ठेवा. लग्नाची किंवा कंपनीची सुपारी आली तरी ती रात्र देऊ नका.

स्पर्धकांना कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा भेटू नका. मेकअपच्या वेळी दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. तिथे जे कळेल ते कुठल्याही संशोधकाच्या फॉर्ममध्ये नसतं. मला एकदा एका मोठ्या सोहळ्यात आयोजकांनी हे करू दिलं नाही, वेळ नाही म्हणाले, आणि स्टेजवर मी नुकत्याच विधुर झालेल्या एका गृहस्थांना 'वहिनी नाही आल्या?' विचारून बसलो. त्यानंतर मी ही अट लेखी घालतो.

आणि मानधनाचा आकडा ऐकण्याआधी पहिल्या बैठकीत एवढं विचारा की लिंक्स, म्हणजे मधल्या दुव्याची सूत्रधाराची वाक्यं, कोण लिहिणार. वाहिनीचा लेखक लिहिणार असेल तर त्याच्याबरोबर बसायला मिळेल का, आणि भागाच्या सुरुवातीची दोन मिनिटं पूर्णपणे तुमची असतील का. हो म्हणाले तर त्या दोन मिनिटांत ओपन माइकवरचा तुमचा जो काही वैताग, भित्रेपणा किंवा आगाऊपणा आहे तो जसाच्या तसा आणा, इस्त्री न करता. नाही म्हणाले तर पैसे थोडे जास्त मागा आणि करार एकाच पर्वाचा करा.